पारकरभाईंची टीम

आमच्या ऑफिसात मागितलेली फाइल कधी सापडत नाही, पण चहाच्या टेबलावर कोण कधी काय बोललं ते सगळ्यांना पाठ! इथे आखातात, अल थुमामातल्या या टेबलावर सध्या साठलेत ते बेसबॉलचे किस्से. हा खेळ आमच्यापैकी एकानेही मैदानावर बघितलेला नाही.

हे खूळ स्टोअरच्या पारकरभाईंनी आणलं. माणूस रत्नागिरीचा, मुलगा समीर अमेरिकेत. तिथल्या एका टीमचं त्याला वेड. टीम जिंकली तरच तो बापाचा फोन उचलतो, आणि टीम शेवटून पहिली! इकडे मुलीचा निकाह ठरलाय. ती हटून बसलीय, भाऊ येणार असेल तरच तारीख धरा. भाईंना समीरला तेवढंच विचारायचंय. तिकडची रात्रीची मॅच संपते तेव्हा आमचा सकाळचा चहा असतो.

*

एकदा टीम दणकून मागे होती आणि तिकडे पाऊस सुरू झाला. भाई खुशीत म्हणाले, "चला, ड्रॉ झाली."

पुण्याच्या कुलकर्णींनी नियम शोधला. अर्ध्याहून जास्त खेळ झालाय, म्हणजे आता थांबला तर हाच निकाल. ड्रॉ नाही. पाऊस पडूनसुद्धा हरायचं, हे काही आम्हाला पटेना.

*

बेसबॉलच्या स्कोअरबोर्डवर रन आणि हिटच्या शेजारी चुकांचाही आकडा असतो. कॅच सोडा, लागला बोर्डावर! कुलकर्णी म्हणाले, हे मॅनेजरला दाखवू नका. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने कुलकर्णींच्याच ड्रॉइंगमधल्या चुका मोजून सगळ्यांना मेल केला. आम्ही कुणी बोललो नव्हतो, शपथ!

*

मग कुलकर्णींनी एक्सेल मांडलं. बॉलर, बॅट्समन, वारा, सगळं घालून सांगितलं की उद्या नक्की जिंकणार. भाई इन्शाल्ला म्हणाले आणि टीम सपाटून हरली.

"आकडे बरोबर होते," कुलकर्णी म्हणाले, "टीम चुकीची निघाली."

*

एक आकडा मात्र कुलकर्णींनी उगाच समजावला. मैदानाच्या चार कोपऱ्यांवरचे चारही बेस पार केले की रन. पण तिसऱ्यापर्यंत पोचलात आणि बाकीचे आऊट झाले, तर तुम्ही तिथेच अडकलात, खलास. अशा अडकलेल्यांचीही मोजदाद ठेवतात.

भाईंनी विचारलं, "म्हंजे तो आऊट नव्हता?"

"नाही."

"तरी पोचला नाय."

मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी चहा कुणालाच गेला नाही.

*

गेल्या आठवड्यात नवऱ्या मुलाकडच्यांनी निरोप धाडला. संध्याकाळपर्यंत तारीख कळवा, नाहीतर दुसरीकडे बघतो. नेमकी शेवटच्या इनिंगला टीम एका रनने मागे. बेसवर एक जण होता. पुढच्याने चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावला. दोघांचे दोन रन, जिंकली! कुलकर्णींनी एक्सेलवर चहा सांडला.

भाई फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये धावले. काचेतून दिसत होते. हसत होते, हात फिरवून तो फटका मारून दाखवत होते, फोनवर! बराच वेळ चाललं होतं. मी कुलकर्णींना म्हटलं, येतोय समीर.

भाई आत आले तेव्हा डोळे ओले होते. "पहिल्या बॉलपासून सगळी मॅच सांगितली त्याने. एवढा कधी बोललाच नव्हता."

"आणि निकाहाचं?" मी विचारलं.

भाईंनी निवलेला चहा पुढे ओढला.

"इतका खूश होता. कशाला विचारू?"

मग ते कुलकर्णींकडे वळले. "उद्याची मॅच कोणाशी हाय?"