धोंडिबाच्या पायाखालचा उजेड

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधी सांगून टाकतो. मी आमच्या दूध संस्थेत मशीन ऑपरेटर आहे. काही पेटलं तर वीज कुठून आली ते बघायचं, एवढंच मला कळतं. हे लिहायला चार वर्षं लागली... भीतीमुळे नाही, लाज वाटत होती म्हणून.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, दिंद्रुडपासून आठ किलोमीटर आत. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. जनावरं छावणीत गेलेली, संस्थेत दूध येईना, मशीन बंद. रिकामा बसून मी मोबाईलवर बघून एक काम शिकलो — बोटभर बाहुल्यांच्या बैठकीत एलईडी लपवायचं. लाकडी चकती खालून कोरायची, आत बटन सेल आणि बारीक एलईडी बसवायचा, वर भोक पाडून त्यावर वाळूचा पातळ थर चिकटवायचा. तार कुठंच दिसत नाही, बाहुलीच्या पायाशी नुसता उजेड पडतो.

चेअरमननी ते पाहिलं. म्हणाले, वार्षिक सभेसाठी विहिरीचं मॉडेल कर, दुष्काळात संस्थेनं गाळ काढला ते लोकांना दिसू दे.

मातीची माणसं कौसामावशींनी केली. धनगराच्या घरची बाई, मेंढरं त्याच साली विकावी लागलेली. त्यांनी पंधरा माणसं केली. पंधरावा त्यांचा नवरा, धोंडिबा — डोक्यावर पाटी, एक खांदा जरा खाली, तो चालायचा तसाच. त्या दुष्काळातच, उन्हाळ्यात, त्याच विहिरीचा गाळ काढताना दरड कोसळली, त्यात तो गेला.

मावशी मला एवढंच म्हणाल्या, "ह्याच्या पायाखाली बी दिवा लाव बापू. आत लई अंधार व्हता."

चेअरमनना तो दिवा नकोच होता. उजेड दिसला की लोक धोंडिबाचंच विचारत बसतील, म्हणाले. मी त्यांना बरं म्हणालो, आणि मावशींना सांगितलं — लावलाय. धोंडिबाला भरीव चकतीवर चिकटवून मॉडेलच्या मागच्या कोपऱ्यात, बांधाआड ठेवला. मावशींनी विचारलंच तर सेल गेला म्हणायचं, हेही ठरवून ठेवलं होतं.

सभा भर दुपारी, पेंडीच्या गोडाऊनमध्ये. अंधार व्हावा म्हणून शटर ओढलं. चौदा दिवे लागले, सगळे पांढरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन माईकवर बोलत होते, आणि बोलता बोलता म्हणाले की काम निर्विघ्न पार पडलं.

तेवढ्यात बांधाआड उजेड झाला. पिवळा. माझ्याकडे पिवळा एलईडी एकही नव्हता. धोंडिबाची सावली मागच्या भिंतीवर पडली, पाटीसकट.

चेअरमन थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, मी मुद्दाम केलं. बायकांतून मावशी उठल्या, मॉडेलपाशी येऊन वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्यापाशी आल्या.

"लावलास की रं," म्हणाल्या. "मला वाटलं, तू खोटं बोलतूस."

मी मान हलवली. हो म्हणालो.

शटर वर गेल्यावर चकती हातात घेतली. गार होती. ना भोक, ना सेल. घरी नेऊन करवतीनं मधोमध कापली... आत नुसतं लाकूड.

त्या सभेत कुणीतरी उठून धोंडिबाचं काय झालं ते विचारलं. मग दुसऱ्यानं विचारलं, मग सगळ्यांनीच. पुढं विहिरीच्या कठड्यावर त्याचं नाव रंगवलं, आणि 'चेअरमनला न घाबरणारा माणूस' म्हणून नारळ फोडायला मला बोलावलं. मी गेलो. फोडला.

तो उजेड कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. बऱ्याच जाणत्या लोकांना विचारलं. विचारताना दरवेळी दिवा मीच बसवला होता, असं सांगून विचारलं. मग त्यांना तरी काय कळणार?

मावशींनी आता एक म्हैस घेतलीय. रोज सकाळी दूध घालायला येतात, पहिलं माप माझ्याच हातानं घ्यायला लावतात. मी घेतो.

हे इथं लिहिलं, कारण मावशींना वाचता येत नाही.