कोणी सांगितलं?

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, रुग्णालयात लिफ्ट चालवतात. मी त्याच इमारतीत केसपेपरच्या खिडकीत बसते आणि राहायलाही त्यांच्या शेजारीच आहे, त्यामुळे त्यांची बडबड मला घरीदारी ऐकावी लागे. त्यांना सगळ्यातलं थोडंथोडं यायचं. मीठ कसं पिकतं, विहिरीचा झरा कसा हेरतात, दीपगृहाची काच कोण पुसतं. मी त्यांना ‘अर्धा मजला’ म्हणायची, कारण कुठल्याच विषयात ते पूर्ण वर पोचत नसत. ते हसत. “अर्ध्यापर्यंत आलो, की पुढचं समोरच्याला विचारता येतं,” म्हणत.

आणि विचारायचे. लिफ्टमध्ये कोणी सुकलेल्या तोंडानं उभा असला, की आधी गाव, मग कामधंदा. माणूस मिठागरातला निघाला, की लगेच, “यंदा पाणी लवकर आटलं का हो?” धास्तावलेला माणूस आपल्या कामाबद्दल बोलू लागायचा आणि सहाव्या मजल्यावर, ऑपरेशनच्या दारात, जरा ताठ मानेनं बाहेर पडायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मिठागरातलं ओ की ठो माहीत नसतं, तर त्यांना हा प्रश्न सुचलाच नसता.

दिवसभराची जमा संध्याकाळी ताईपुढे ओतली जाई. ताई शिवणकाम करायची. मशीनवरून मान वर न करता तिचा एकच प्रश्न असे, “कोणी सांगितलं?” मग भाऊजी त्या माणसाचा चेहरा, चप्पल, खोकला, सगळं सांगत. तिला माहितीपेक्षा माणसाचीच उत्सुकता जास्त.

मग हातोहाती फोन आले. एकदा भेदरलेल्या बाईंना हसवायला भाऊजी म्हणाले, “शहामृग घाबरला की वाळूत डोकं खुपसतो. आपण नाही हं तसं करायचं.” शेजारी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांनी फोनवर बोट फिरवलं. “मामा, साफ खोटं आहे हे. बघा, इथे लिहिलंय.” सगळी लिफ्ट हसली. डॉक्टरांच्या मनात वाईट काही नव्हतं आणि ते बरोबर होते, म्हणून मला त्यांच्यावर धड चिडताही आलं नाही.

“कोणी सांगितलं होतं?” ताईनं घरी विचारलं.

“सर्कशीतल्या आचाऱ्यानं.”

“मग गंमत केली असेल त्यानं तुमची.” ती हसली. भाऊजी हसले नाहीत.

“आता सगळं ज्याच्या त्याच्या खिशात आहे,” ते म्हणाले. “माझं थोडंथोडं कोणाला हवंय?”

त्यानंतर ते लिफ्टमध्ये फक्त मजले विचारू लागले. बाकीच्यांच्या माना फोनमध्ये आणि यांची नजर दारावरच्या आकड्यांवर. ज्या बडबडीला मी वैतागायची, ती नसताना लिफ्ट मला खायला उठायची. घरीही तेच. ताई मशीन थांबवून वाट बघायची आणि पुन्हा शिवायला लागायची.

मग ताईच्या हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन अवघड होतं, डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. ताईचं म्हणणं एकच, वर नेताना लिफ्ट ह्यांनीच चालवायची. स्ट्रेचर आत घेतलं, मी तिचा हात धरून उभी राहिले. दार मिटलं.

“अहो, काहीतरी सांगा ना,” ताई म्हणाली.

“काय सांगू? चुकलं तर?”

“चुकू द्या की. मला कुठे परीक्षेला बसायचंय?”

भाऊजींनी नजर दारावरच्या आकड्यांकडे वळवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर जगाला पिडलं आणि नेमकी आज दातखीळ बसली!

“बरं, मी सांगते,” ताई म्हणाली. “मखमलीवरून एका बाजूनं हात फिरवला की ती फिकी दिसते, उलटा फिरवला की गडद. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे. नाहीतर एकाच झग्याच्या दोन बाह्या दोन रंगांच्या वाटतात.”

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. “हे कधी बोलली नाहीस मला.”

“तुम्ही कधी विचारलंत?” ती हसत म्हणाली. टोमणा नव्हता तो. सहावा मजला आला.

ताई त्या दारातून परत आली नाही.

“आचाऱ्याला विचारलं, मिठागरवाल्याला विचारलं,” भाऊजी नंतर मला म्हणाले. “ती रोज समोर बसलेली असायची गं.” दोघंही रडलो.

ते कामावर परतले, पण मुक्यानंच. परवा मी फायली घेऊन वर चालले होते. लिफ्टमध्ये तेच डॉक्टर होते आणि एक गृहस्थ, फोनमध्ये बुडालेले. त्यांची लहान मुलगी रडवेली झाली होती. अंगात मखमलीचा झगा. भाऊजी तिच्याजवळ उकिडवे बसले.

“बाळ, बाहीवरून हात फिरव बरं. आता उलटा.”

“रंग बदलला!” मुलगी ओरडली. वडिलांनी फोन खाली केला आणि दुसऱ्या बाहीवर बोट फिरवून पाहिलं.

डॉक्टर वाकून बघत होते. “मामा, हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

भाऊजींनी वर पाहिलं. “बायकोनं. तिला आणखीही पुष्कळ येत असणार. मी कधी विचारलंच नाही.”

दार उघडलं, तरी कोणी हललं नाही. भाऊजींनी मुलीला विचारलं, “कोणाला भेटायला चाललीस?”

“आईला.”

“मग तिला विचार, तुला काय काय येतं म्हणून. आणि खाली जाताना मला सांग.”