बिद्रीच्या वाटेवरचा पुन्हा बांधलेला पूल

शेवंताला सातवा महिना लागला, तिला माहेरी पोचवायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. माहेर बिद्रीच्या पलीकडे, आणि वाटेत तो पूल. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट.

कोल्हापूरहून सकाळची एसटी धरावी, गर्दी कमी असते. भाडं परवडणारं. वाटेतल्या थांब्यावर कांदाभजी गरम मिळतात, पण मला त्या दिवशी घास उतरला नाही. जुन्या पुलाच्या मधल्या दोन कमानी पुरात गेल्या, तेव्हा शेवंताचा धाकटा भाऊ दत्तू बैलगाडीसकट गेला होता. आता दोन्ही काठांना चुन्यात बांधलेल्या काळ्या दगडी कमानी तशाच आहेत आणि मध्ये सिमेंटचा सपाट गाळा. जुन्या सदऱ्याला कोरं ठिगळ लावावं तसा.

पुलाआधी कंडक्टर ओरडला, "उतरा, उतरा! गाडी मोकळी जाणार!"

पूल मोडकळीला आला होता तेव्हाची ही रीत. पूल नवा झाला तरी ती सोडायचा धीर कुणाला झाला नव्हता. माणसं मुकाट उतरून चालू लागली. शेवंताच्या पायांना सूज होती.

ड्रायव्हर म्हणाला, "बाईस्नी बसू द्या. पोटुशी हायती. पावणं, तुमी उतरा की."

"मीही बसतो."

"आन् काय झालं म्हंजे?"

"झालं तर तिघांचं होऊ दे."

गाडी रांगत निघाली. दगडी कमानींवर चाकांचा आवाज दबका होता, नव्या गाळ्यावर तो एकदम पोकळ झाला. नेमकं तिथंच शेवंता म्हणाली, "थांबवा की जरा."

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. तिनं खिडकीतून ओटी सोडली. खण, नारळ, तांदूळ. गढूळ पाण्याकडे बघत नदीला म्हणाली, "एक नेलास माझा. ह्याच्याकडं बघू नगंस." इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

मुलगा झाला. बारशाला तिनं नाव ठेवूच दिलं नाही. "कोल्लापुरात ठिवू," एवढंच. सासूबाई रागावल्या, मीही वैतागलो.

दोघांना आणायला थंडीत गेलो. नदी अगदी गरीब दिसत होती. परतताना पुलापाशी कुणीच उतरलं नाही, रीत मोडली होती. "हत्ती न्या की आता, पावणं!" कंडक्टर हसला. मागं कुणी तंबाखू मळत होतं. शेवंतानं बाळाला पदराखाली घेतलं.

"नाव काय ठेवायचं मग?" मी सहज विचारलं.

तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. पूल संपेपर्यंत काढला नाही.

घरी आल्यावर तिनं दार लावलं, खिडकी लावली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "दत्तू." मग माझ्याकडे वळून, "तितं नाव घेतलं असतं, तर नदीनं वळखलं असतं."

तुम्ही खुशाल जा. पूल भक्कम आहे, पाहण्यासारखा आहे. मीही पुष्कळदा गेलो, मुलाला घेऊन गेलो. फक्त पुलावर असेपर्यंत त्याला नावानं हाक मारत नाही.