क्रेनला अडकवलेला हार

कोल्हापुरात पुढारी आला की त्याला क्रेननं हार घालायची रीत पडली आहे. म्हणून शाळेच्या प्रदर्शनात एका बाईंनी बनवलेली क्रेन दिसताच संयोजकांच्या अंगातच आलं.

क्रेन खेळण्यातल्या ठोकळ्यांची, पण पार पंख्यापर्यंत पोचलेली आणि मोटरवर खरंच वजन उचलणारी. दर वेळी बाई आधी तिच्या बुडाला तळहात लावून ती डगमगत नाही ना बघायच्या, मगच बटण दाबायच्या.

"हिला हार झेपायचा न्हाय," त्यांनी दोनदा सांगितलं. ऐकतंय कोण! पाहुणे दारात आले आणि संयोजकानं झेंडूचा मणभर हार हुकाला अडकवून स्वतःच बटण दाबलं. क्रेन कोसळली. ठोकळे पाहुण्यांच्या पायांत सांडले.

"खेळणंच हाय की, ताई! परत जोडा," तो हसत म्हणाला.

"खेळणं हाय, तर खरा हार कशाला अडकवलासा?"

शेजारच्या टेबलापाशी हे बघताना माझं डोकं सणकलं. पाहुणे मात्र ठोकळे तुडवत स्टेजवर गेले. हार शेवटी हातानंच घातला, टाळ्याही पडल्या. मग माइकवरून पुकारा झाला, "क्रेनवाल्या ताईंनी सत्काराला यावं." नाव कुणी विचारलंच नव्हतं.

बाई जमिनीवर बसून ठोकळे वेचत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.