सोनीकाकीची सारवलेली भिंत

सोनीकाकी नसती तर माझं लग्न एखाद्या कचेरीच्या बाकावर, दोन अनोळखी साक्षीदारांच्या मध्ये उरकलं असतं. आणि मी नसते तर सोनीकाकी स्वतःच्या घरात मेली असती. यातलं पहिलं वाक्य मी कुणालाही सांगते. दुसरं लिहायला मला सात आठवडे लागले. तिची मुलगी मंजुळा तलासरीला असते, तिचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात होते. फुगा फुगवायचा, कानाशी धरायचा, भोक असेल तर बाजूला टाकायचा, हे माझं काम. मंजुळा म्हणाली, "आई गेली गं. सकाळी चहा मागितला, मी आणेपर्यंत..." तेवढंच. मी फोन ठेवला आणि पुढचा फुगा कानाशी धरला. काहीच ऐकू येईना. शेजारची बाई म्हणाली, "अगं, तो फुटलाय."

मी वाशिमकडची. आठवीत शाळा सुटली. २०१४ साली मामेबहिणीबरोबर कामाला इकडे आले, आणि तीन महिन्यांत ती बहीण कुणाला न सांगता सुरतेला निघून गेली. खोली तिच्या नावावर होती, मालकाने माझी पिशवी बाहेर ठेवली. तलासरीच्या रस्त्याला, फाट्यावर पिशवीवर बसले होते. काकी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. थांबली. "कोणाची तू?" मी सांगितलं. "इथं कोण हाय तुझं?" मी पिशवी जवळ ओढली. तेव्हा म्हणाली, "चल. तिथं घोड्यांना जागा होती, तुला नाय होणार?" मला वाटलं ही बाई चेष्टा करते आहे. पण खरंच ती घोड्यांचीच जागा होती. पूर्वी मुंबईच्या एका शेठने तिथे शर्यतीचं मैदान केलं होतं, थंडीत पाहुणे यायचे, घोडे पळायचे. पुढे शर्यती थांबल्या, घोडे विकले, शेठ येईनासा झाला. घोडे धुणारी, चारा घालणारी माणसं मात्र तिथेच राहिली. काकीचा नवरा त्यांतलाच. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मैदानाला सगळे घोडामाळ म्हणायचे. लंबगोल धावपट्टी गवतातूनही ओळखू यायची, तिच्या एका अंगाला कुडाची घरं आणि दुसऱ्या अंगाला शेठच्या ऑफिसच्या सिमेंटच्या खोल्या. काकीचं घर कुडाचं. त्या घराच्या अर्ध्या भागात मी वर्षभर झोपले. रात्री घाबरून उठले की ती अंधारातूनच म्हणायची, "मी हाय ना गो बाय." बस्स, एवढंच, आणि लगेच घोरायला लागायची.

पुढच्या वर्षी घोडामाळावर बोर्ड लागला. मैदानाच्या जागी वसाहत होणार, अर्धी घरं सरकारी योजनेतली, अर्धी बिल्डरची, विकायची. मैदानावर आधीपासून राहणाऱ्यांना सरकारी इमारतीत घर मिळणार होतं. सर्वेवाले आले. एक जण वहीत लिहायचा, दुसरा लाल रंगाचा डबा घेऊन प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर नंबर घालायचा. वहीत नंबरापुढे घराचा फोटोही चिकटवायचा होता, पण फोटोवाला त्या दिवशी आलाच नाही, "नंतर येईल" म्हणाले. काकीच्या घराला सतरा नंबर. लिहिणारा म्हणाला, "मावशी, नंबर पुसू नका हां. दुसऱ्यांदा तपासायला येतील तेव्हा हाच बघणार." काकीने मान हलवली आणि विचारलं, "मला तळमजला देशील का रं? गुडघे गेलेत." सगळे हसले. त्या दिवसापासून सारवताना ती त्या आकड्याच्या भोवतीचा वीतभर चौकोन कोरडा सोडायची. बाकी भिंत नवी, मध्ये तो जुना तुकडा. शेजारणी म्हणायच्या, "सोने, भिंतीला खरूज झाली का?" ती म्हणायची, "खरूज नाय, फ्लॅट हाय तो."

त्याच सुमारास प्रकाशचं आणि माझं ठरलं. प्रकाश सिमेंटच्या खोल्यांतल्या एकीत राहायचा, रिक्षा चालवायचा. खोली त्याच्या काकाच्या नावावर होती आणि काका सर्वेच्या आधीच गावी गेला होता, त्यामुळे त्याचे कागद पहिल्यापासून कच्चे. माझ्या घरून निरोप आला, आम्ही येणार नाही, तुझं तू बघ. मी म्हटलं, कचेरीत सही करून टाकू. काकी भडकली. "आईबापाचं दार नाय म्हणून पोरगी चोरासारखी लगीन करील काय? माझं दार हाय." इकडची रीत अशी की ज्या घरी लग्न त्या घराची भिंत पुरती सारवायची, गेरू द्यायचा आणि सवाशिणींनी तिच्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे घोड्यासकट चौकोनी चित्र, काढायचा. लग्नाच्या भिंतीत कोरडी जागा ठेवत नाहीत. ठेवली तर त्या संसारात खोट राहते म्हणतात. काकी शेणमातीचं घमेलं घेऊन भिंतीपुढे उभी राहिली, तेव्हा मी मागेच होते. मी म्हटलं, "काकी, नंबर...?" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्यांच्या वहीत हाय ना. या भिंतीवर तुझं लगीन लागायचंय." आणि हात फिरवला. सतरा गेला. मला तिचा हात धरता आला असता. मी धरला नाही, कारण मला ती भिंत हवी होती. मला हवं होतं की माझ्याही लग्नात कुणाचीतरी भिंत सजावी... हे आज कबूल करते. विधवा म्हणून काकीने चौकाला हात लावायचा नव्हता, म्हणून ती अंगणात लांब बसून सवाशिणींवर ओरडत होती, "ए, तो घोडा हाय का बकरी? पाय लांब काढ!" घोडा नीट यावा यावर तिचा फार कटाक्ष. घोड्यांत आयुष्य गेलं होतं तिचं.

दीड महिन्याने तपासणीवाले आले. नवीनच माणसं. काकीच्या घरापुढे थांबले, भिंत बघितली. ताजी सारवण, ताजा गेरू, चौक. साहेब म्हणाला, "हे घर नवीन दिसतंय."

"नवीन कुठलं, बाबा? माझ्या लग्नाच्या आधीचं हाय."

"मग नंबर कुठाय?"

"आत हाय. सारवणाच्या खाली."

"म्हणजे तुम्ही पुसलात."

"पुसला नाय. लगीन होतं."

वहीत सतरापुढे फोटोची जागा रिकामी होती. साहेब हसला. सोबतच्या माणसाला म्हणाला, "लिहा. क्रमांक आढळला नाही. बांधकाम सर्वेक्षणानंतरचं." काकीने नखाने भिंत खरवडायला घेतली. वरचं सारवण निघालं आणि त्याच्याबरोबर खालचा लाल रंगही भुगा होऊन निघाला. तिच्या बोटाला तो लाल भुगा लागला होता, तो ती साहेबाला दाखवत राहिली. तो पुढच्या घरी गेला होता. आमच्या सिमेंटच्या भिंतीवर मात्र आकडा होता तसाच होता. तिथे सारवायला मातीच नव्हती.

यादीत काकी अपात्र, आम्ही पात्र. तिने हरकत घेतली, तेव्हा कचेरीत सांगितलं की यादीतल्या दोन पात्र शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची, आणि साक्षीबरोबर स्वतःचे राहण्याचे कागद जोडायचे. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या बुवांनी सही केली. दुसरी सही कुणी करेना. ज्याचं नाव यादीत लागलं होतं तो दुसऱ्यासाठी तोंड उघडायला तयार नव्हता, न जाणो आपलीच फाईल वर यायची. खरं तर ती सही माझीच होती. ती भिंत माझ्यासाठी सारवली होती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? प्रकाश म्हणाला, "आपले कागद टेबलावर गेले ना, तर आपणही बाहेर." मी काकीकडे गेले, काय बोलायचं ते ठरवून गेले होते. ती भाकरी थापत होती. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "तू सही करू नको. तुझ्या पोटात पोर हाय. माझं काय, मी मंजुळाकडे जाईन." माझ्या तोंडून "बरं" निघालं. किती पटकन निघालं ते! भाकरी तव्यावर टाकून तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी "नाही काकी" म्हणेन, असं तिला क्षणभर तरी वाटलं असेल का? हा प्रश्न मला सोडत नाही.

घोडामाळ पाडला. काकी तलासरीला मंजुळाच्या पत्र्याच्या खोलीत गेली, सहा माणसांत सातवी. या वर्षाच्या सुरुवातीला आम्हाला चौथ्या मजल्यावर घर मिळालं. आमच्या इमारतीच्या आणि बिल्डरच्या इमारतींच्या मध्ये उंच भिंत आहे. त्यांच्या गेटवर फायबरचा मोठा पांढरा घोडा उभा केला आहे, पुढचे पाय उचललेला. जाहिरातीत लिहिलं आहे, घोड्यांच्या वैभवशाली परंपरेत राहा. त्या घोड्यांना आयुष्यभर पाणी घालणाऱ्याची बायको अपात्र. काकीने तो घोडा पाहिला तेव्हा म्हणाली, "नवऱ्याने माझ्या असा उभा केला असता ना, तर शेठने त्याला काढून टाकला असता. पाय मोडतो असा." आणि पोट धरून हसली. मला हसता आलं नाही.

बाजाराच्या दिवशी ती तलासरीहून बसने यायची. लिफ्टमध्ये बसायची नाही, चार मजले चढवायचे नाहीत, म्हणून खालूनच हाक मारायची, "गो बाय, हायस का?" वॉचमन ओरडायचा, "आजी, इथे बोंबलायचं नाही, फोन करा." ती त्याला म्हणायची, "तुझ्या जन्माच्या आधीपासून बोंबलते मी इथं." मी खाली जायचे. ती पदरातून काहीतरी काढायची, चार चिकू, सुकट, एकदा मुलीला काळा दोरा. वर ये म्हटलं की म्हणायची, "नको. एकदा वर आले तर खाली यायला मन नाय व्हायचं." आता बाजाराच्या दिवशी अकरा वाजले की मी खिडकीत जाते. खाली वॉचमन असतो, खुर्चीवर, मोबाईल बघत. त्यालाही चुकल्यासारखं होत असावं. परवा त्याने वर बघून विचारलं, "ती आजी येत नाही का आता?" मी खिडकी लावून घेतली.

मंजुळाने वारस म्हणून अर्ज पुढे चालवला आहे. बुवांची सही अजून चालते म्हणतात, दुसरी हवी. प्रकाश म्हणतो, "थोडं थांब, आपला ताबा पक्का होऊ दे." तो वाईट माणूस नाही, माझ्यासारखाच घाबरलेला आहे. मुलगी चार वर्षांची होईल, तिला आता हेच घर आपलं वाटतं. हे लिहितानाही माझा हात थांबतो आहे, कुणी वाचलं तर... पण काकी, मी तुझ्या तेराव्याला तलासरीला आले होते. सहा माणसांच्या खोलीत तुझी वळकटी दाराबाहेर ठेवलेली पाहिली. आत जागा नव्हती म्हणून तू बाहेर झोपायचीस, हे मला मंजुळाने तेव्हा सांगितलं. मी घाबरट आहे, हे तू मला फाट्यावर पहिल्यांदा बघितलंस तेव्हापासून तुला ठाऊक होतं, आणि तरी तू माझ्यासाठी भिंत सारवलीस. एक दिवस मी त्या टेबलापुढे उभी राहीन, माझे कच्चे कागद जोडीन आणि सांगेन की घर नवं नव्हतं, लग्न माझं होतं. मग माझं जे व्हायचं ते होवो. ती सही मी तुला देणं लागते, काकी. करीन मी.