चाचांसाठी मौन पाळू नका

रशीदचाचा गेले. त्यांच्यासाठी कुणी दोन मिनिटं मौन पाळलं, तर माझ्याशी गाठ आहे.

आज पहाटे, झोपेतच. दुपारी परंड्यात माती झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चाचा म्हणजे आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतींचा आवाज. जत्रा कुठल्याही गावची असो, मचाणावर माईक धरून चाचाच.

आणि मी त्या शर्यती बंद करा म्हणून मैदानाच्या गेटवर बोर्ड धरून उभी राहणारी बाई.

आमची ओळखच भांडणातून झाली.

त्या दिवशी पोरांनी आमच्या प्राणीमित्र ग्रुपच्या अंगावर गुलाल ओतला होता. चहावाल्यानं चहा दिला नाही. मी रडकुंडीला आले होते, तेवढ्यात हा माणूस पाण्याची बाटली घेऊन आला.

"बेटा, इथं बोर्ड कोण वाचतंय? समद्यांची नजर बैलावर."

"तुमचं काय जातंय बोलायला?" मी तडकलेच. "तुमचं तर पोट चालतंय यावर!"

"व्हय. चालतंय की."



मग मी मोबाईलवर फोटो दाखवला. नुकत्याच पहिल्या आलेल्या जोडीतला हरण्या. शेपटीच्या बुडाला टोचल्याच्या खुणा, रक्त. ड्रायव्हर मुठीत खिळा लपवतो आणि पळता पळता टोचतो. माहीत नसेल तर लांबून दिसत नाही.

हरण्याला चाचा वासरू असल्यापासून ओळखायचे. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"आन् म्या भोंग्यावर कौतुक करत हुतो," एवढंच म्हणाले.

पुढच्या जत्रेत मी पुन्हा बोर्ड घेऊन हजर. हट्टी आहे मी.

गाड्या सुटल्या. चाचांचा आवाज टिपेला. "आला, आला, हरण्या आला..."

आणि एकदम बंद.

नुसती चाकांची खडखड आणि खुरांचा आवाज. लोकांना वाटलं लाईट गेली. जनरेटरवाला धोतर सावरत पळाला.

गाडी निशाणापार गेल्यावर चाचा बोलले.

"लाईट हाय. माईक बी चालू हाय. बजरंगच्या मुठीत खिळा हाय, म्हणून म्या गप हाय."

बजरंग म्हणजे चाचांच्या जिगरी दोस्ताचा पोरगा. चाचांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. तो पहिला आला आणि एकानंही शिट्टी मारली नाही. गुलाल पिशवीतच राहिला.

मग व्हायचं तेच झालं. पोरांनी चाचांची कॉलर धरली. कमिटीनं दुसरा माईकवाला आणला. त्या सीझनला चाचांना एकही सुपारी आली नाही. चाची तर म्हणाल्या, "करा बैलांची वकिली. आता तेच घालतील खायला."

मी धावत गेले. "चाचा, केस टाकू. माझ्याकडं फोटो आहेत."

"केस टाकलीस तर त्यो खिळा अजून चांगला लपवंल. ह्या पोरांना बक्षिसाचं लई न्हाय बेटा. भोंग्यावर नाव पायजे. माझ्या हातात त्येवढंच हाय, त्येच काढून घेतो."

आमच्या ग्रुपला हे अजिबात पटलं नाही. शर्यतवाल्याशी कसली दोस्ती? मला गद्दार म्हणूनसुद्धा झालं.

खरं सांगू? मला आजही शर्यतच नको आहे. चाचांना हवी होती. यावर आम्ही शेवटपर्यंत भांडलो.

पण आमच्या बोर्डांनी, निवेदनांनी, रीलनी एकाही बैलाच्या मागचा खिळा हटला नव्हता, हेही खरंच. पुण्याहून छापून आणलेल्या घोषणा इथं चालत नाहीत बाबांनो. इथल्या माणसाला कशाची भूक आहे, ते आधी बघावं लागतं. नवं काहीतरी काढावं लागतं.

पुढच्या वर्षी नवा माईकवाला घसा फोडून ओरडायचा, पण त्याला बैलांची नावंच येत नव्हती. जिंकणाऱ्यालासुद्धा जिंकल्यासारखं वाटेना. शेवटी ड्रायव्हरच चाचांच्या दारात गेले. सगळ्यात पुढं बजरंग.

चाचांची एकच अट. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरनं मचाणाकडं तोंड करून दोन्ही तळवे उघडून दाखवायचे. मग भोंग्यावर आधी बैलाचं नाव, मागून माणसाचं. कुणी काही टोचलं की भोंगा बंद.

तळवे दाखवायची आता आमच्याकडं रीतच पडलीय.

आज मी कब्रस्तानाच्या बाहेर रस्त्यावर थांबले. आत सगळे दुवा मागत होते. बजरंग एका कडेला उभा होता, दोन्ही तळवे उघडून.

बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले.

"ताई, रविवारच्या मैदानात चाचांसाठी दोन मिनिटं मौन ठेवायचं ठरलंय."

मी खेकसलेच त्याच्यावर. "अरे, चाचा कुणासाठी गप्प बसायचे, हे तुला सांगायला पाहिजे का?"

तो खाली बघत म्हणाला, "न्हाय ताई. त्या दिवशी जित्तेपणी मेल्यावानी झालं हुतं."

म्हणून हे लिहितेय. रविवारी चाचांच्या नावानं गप्प उभं राहू नका. बैलांची नावं पुकारा. घसा बसेपर्यंत पुकारा.

आणि कुणाच्या मुठीत खिळा दिसला, तर मात्र सगळं मैदान गप्प.

मी येतेय. बोर्ड घरी ठेवून.

चाचा, तुम्हाला सलाम. आपलं भांडण अर्धंच राहिलं.