माल खरा, भाव संशयाचा

गेल्या रविवारी बऱ्हाणपुरातल्या एका लॅपटॉपच्या दुकानात आमची अख्खी दुपार गेली. मी, माझा मोठा भाऊ आणि त्याची मुलगी केतकी... तिला इंदूरला ॲनिमेशनच्या कोर्सला ॲडमिशन मिळालीय आणि तिथं लॅपटॉपशिवाय पान हलत नाही म्हणे.

दादा जसोंडी गावात केळी आणि कापूस करतो. मी इथं शाळेत गणित शिकवते, म्हणून अशा खरेदीला मला सोबत न्यायची आमच्या घरात पद्धत आहे. दुकानदार गोड बोलायला लागला की माझे कान टवकारतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

केतकीच्या मनात एकच लॅपटॉप होता. पातळ, चंदेरी, देखणा... किती दिवस त्याचाच फोटो तिच्या मोबाईलच्या स्क्रीनवर होता. हिला मैत्रिणींमध्ये मिरवायला हवाय, असं मला वाटत होतं. बोलले नाही, पण वाटत होतं.

किंमत ऐकून दादा खुर्चीतून उठलाच. शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉप जवळपास निम्म्या किमतीत होता. "काम तर दोघांचं एकच आहे ना भाऊ? मग यात असं काय आहे?"

"काका, ये प्रीमियम आहे. हातात घेऊन तर बघा, फीलच वेगळा येतो."

फील... म्हणजे नेमके कशाचे पैसे, ते काही त्याला सांगता येईना.

मी विचारलं, पुढे मेमरी कमी पडली तर? तेव्हा कळलं, त्या चंदेरी लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवताच येत नाही. जास्त हवी तर आजच घ्यायची, कंपनी म्हणेल त्या भावात. आणि तो भाव असा, की तेवढ्या पैशांत शेजारच्या लॅपटॉपला तेवढीच मेमरी बसवून वर भरपूर पैसे उरले असते! एवढा फरक का, तर "कंपनी का रेट है मॅडम." कंपनीनं तो कसा ठरवला, हे त्यालाही माहीत नव्हतं.

मग आला हप्ता. "नो कॉस्ट ईएमआय आहे मॅडम, व्याज झिरो." मी म्हटलं, आणि एकरकमी दिले तर? तो जरा घुटमळला, कॅल्क्युलेटर जवळ ओढला... आणि किंमत खाली आली. म्हणजे व्याज आधीच किमतीत मिसळलेलं होतं! वर बॅग फ्री, माऊस फ्री, आणि ऑफर फक्त आजचा दिवस.

दादा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "सुनंदा, चाल उठ. हा आपल्याला येडा समजून राहिला."

मी केतकीकडे पाहिलं. मला वाटलं, रुसली. पण तिनं पर्समधून पेन ड्राईव्ह काढला आणि दुकानदाराला विचारलं, "अंकल, मी माझी फाईल दोन्ही लॅपटॉपवर चालवून बघू?"

त्याला ते फारसं आवडलं नाही, पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सॉफ्टवेअर टाकण्यात बराच वेळ गेला, चहा आला, संपला... आणि मग स्क्रीनवर एक बकरी आली.

केतकीनं स्वतः केलेली छोटीशी फिल्म होती ती, शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर अडकत अडकत पूर्ण केलेली. एक बकरी वर्गात शिरते आणि फळ्यावरची गणितं एकेक करून चाटून पुसून टाकते. वर्गातली पोरं टाळ्या वाजवतात, गणिताच्या बाई मात्र खडू धरून तशाच उभ्या. बाईंचा चष्मा माझ्या ओळखीचा होता...

दादानं हे कधीच पाहिलं नव्हतं. तो आजवर त्या कोर्सला 'कार्टूनचं कॉलेज' म्हणायचा. आता तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. "परत लाव," म्हणाला. परत पाहून झाल्यावर विचारलं, "हे तू केलं?"

"हो पप्पा."

मग केतकीनं तीच फिल्म दोन्हींवर नव्यानं तयार करायला लावली. महाग लॅपटॉपनं ती झटक्यात करून दिली, आवाजसुद्धा न करता. दुसऱ्यानं वेळ घेतला, त्याचा पंखा घरघरला... पण काम चोख केलं. फरक होता, आम्ही डोळ्यांनी पाहिला.

दादा दुकानदाराला म्हणाला, "माल खरा आहे तुमचा. भाव खरा नाही वाटत मला." मग केतकीकडे वळला. "पण तुला तोच पाहिजे असेल तर तोच घेऊ. बोल."

मी चाटच पडले. हा आत्ता उठून निघाला होता!

केतकीनं चंदेरी लॅपटॉपवरून एकदा हात फिरवला आणि तो बंद केला. "नको पप्पा. एवढा महाग घेतला, तर हॉस्टेलमध्ये मी काम करू का त्याची राखण करू?" मग दुकानदाराला म्हणाली, "अंकल, दुसऱ्याची मेमरी नंतर वाढते ना? जरा खोल के दिखाओ."

त्यानं स्क्रू काढून मेमरीची रिकामी जागा दाखवली. तोच घेतला, एकरकमीच्या भावात. बाहेर आल्यावर दादानं कुणी न सांगता मावा जिलेबी घेतली, आणि खाता खाता बकरीचं पुढे काय होणार, हे केतकीला विचारत राहिला.

चांगल्या वस्तूला चांगले पैसे द्यायला आपली ना नाही. पण नंतर काही बदलताच येऊ नये अशी वस्तू करायची, आणि त्याच भीतीच्या जोरावर आज गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घ्यायचे... याला रास्त कसं म्हणायचं? तुम्हाला पटत असेल तर सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

त्या किमतीवरचा माझा संशय अजून तसाच आहे. केतकीवरचा मात्र त्या दुकानातच गेला... आणि तिला तो कधी कळलाच नाही, याबद्दल देवाचे आभार.